आओगाशिमा : ज्वालामुखीच्या काठावरचे गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आओगाशिमा नेमके कुठे आहे?

टोकियोच्या दक्षिणेला, भर समुद्रात, सुमारे ३५८ किलोमीटरवर. वस्ती असलेले सगळ्यात जवळचे बेट म्हणजे उत्तरेकडचे हाचिजोजिमा, आणि तेही ७० किलोमीटर लांब. दक्षिणेकडे गेलात तर थेट ओगासावारा बेटांपर्यंत गाव लागत नाही. इझु बेटांच्या माळेतले वस्तीचे हे शेवटचे टोक.

बेट उत्तर-दक्षिण साडेतीन किलोमीटर, पूर्व-पश्चिम अडीच. क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरला जरा कमी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १६९ भरली. जपानमधली ही सगळ्यात लहान ग्रामपालिका.

नावाचा अर्थ काय? ‘आओगाशिमा बेट’ म्हणावे का?

‘शिमा’ म्हणजेच बेट, त्यामुळे ‘आओगाशिमा बेट’ हे ‘पिवळे पीतांबर’सारखे झाले. बोलताना चालते, लिहिताना नुसते आओगाशिमा पुरे. मधला ‘गा’ हा जुन्या जपानीतला षष्ठीचा प्रत्यय, आपला ‘चा-ची-चे’. ‘आओ’ म्हणजे निळा, पण हिरव्यालाही जपानीत हाच शब्द चालतो. समुद्रातून वर आलेला हिरवागार कडा पाहिला की कुठला रंग अभिप्रेत असेल हा वाद घालावासा वाटत नाही.

इतके लांब, तरी पत्ता टोकियोचा कसा?

इझु बेटे पूर्वी इझु प्रांताच्या कारभारात होती. मेइजी काळात ती आधी आशिगारा, मग शिझुओका प्रीफेक्चरकडे (जपानमधला प्रशासकीय विभाग) गेली आणि १८७८ मध्ये टोकियोला जोडली गेली. तेव्हापासून कागदोपत्री हा टोकियोचाच भाग. वाहनांच्या नंबरप्लेटवर टोकियो महानगरातल्या शिनागावाचे नाव असते.

पत्त्याची आणखी एक गंमत आहे. गावातल्या सगळ्या घरांचा पत्ता एकच : टोकियो, आओगाशिमा गाव, ‘मुबांची’. मुबांची म्हणजे घर क्रमांक नाही. पोस्टमनला माणसे माहीत असतात, काम भागते.

हा ‘ज्वालामुखीच्या आत ज्वालामुखी’ आहे म्हणजे काय?

छायाचित्रांत जे दिसते ते असे. बाहेर उंच कड्यांची कडा, आत मोठा खोलगट वाडगा आणि त्या वाडग्यात एक बुटकी, गोलसर टेकडी. वाडग्याचे नाव इकेनोसावा, आतल्या टेकडीचे मारुयामा. इकेनोसावाचा व्यास दीड ते पावणेदोन किलोमीटर. लोणार सरोवर ज्यांनी काठावरून पाहिले आहे त्यांना हा आकार लगेच डोळ्यांसमोर येईल, कारण लोणारचा व्यासही १.८ किलोमीटरच आहे. साम्य तिथेच संपते. लोणार उल्केच्या आघाताने झाले, तर इकेनोसावा ज्वालामुखीचा माथा आत ढासळून तयार झाला, साधारण ३,००० वर्षांपूर्वीच्या मोठ्या उद्रेकांच्या काळात.

बाहेरच्या कड्याचा सर्वांत उंच बिंदू ओतोम्बु, ४२३ मीटर. मारुयामाची उंची २२३ मीटर. आतली टेकडी बाहेरच्या काठापेक्षा निम्मीच, म्हणून समुद्रातून येणाऱ्याला ती दिसतच नाही. बोटीतून दिसतो तो फक्त कडा.

सह्याद्री आणि हा ज्वालामुखी एका जातीचे नव्हेत. आपला बेसाल्ट जमिनीच्या भेगांतून थरांवर थर पसरला. इथे पॅसिफिक भूपट्ट फिलिपीन समुद्राच्या भूपट्टाखाली घुसतो आणि त्या रेषेवर एकामागून एक ज्वालामुखी उभे राहिले आहेत. भारतात याच कुळातला शोधायचा तर अंदमानातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी. तिथेही खोलगट वाडगा आणि आत शंकू आहे. फरक असा की बॅरनवर माणूस राहत नाही.

गाव वाडग्यात आहे की काठावर?

काठावर. बेटाच्या उत्तर उतारावर, ओकाबे नावाच्या भागात, यासुन्दोगो आणि निशिगो अशा दोन वाड्या आहेत. ग्रामकार्यालय, शाळा, पोस्ट, दुकान सगळे इथेच. इंटरनेटवर फिरणाऱ्या चित्रांखाली ‘ज्वालामुखीच्या पोटातले गाव’ असे लिहिलेले असते, ते आज चूक आहे. अठराव्या शतकात मात्र ते बरोबर ठरले असते, कारण तेव्हा इकेनोसावात घरे होती. हा बदल का झाला, ते खाली १७८५ च्या उत्तरात आहे.

इथे माणूस पहिल्यांदा कधी आला?

लेखी पुराव्याच्या अंगाने पाहिले तर पंधराव्या शतकापासून बेटाचा उल्लेख मिळतो, तोही हाचिजोजिमाच्या बखरीत आणि मुख्यतः नावा बुडाल्याच्या, भरकटल्याच्या नोंदींतून. म्हणजे तेव्हा दोन बेटांमध्ये येजा होती. त्याआधीचे जे सांगितले जाते ते दंतकथेच्या हद्दीतले.

आओगाशिमाच्या आरंभीच्या इतिहासाची साधने जवळपास सगळी शेजारच्या बेटावरची आहेत. कारभार हाचिजोजिमाचा, दप्तरही तिथलेच. बेटावरचे जे काही होते ते नंतर राखेखाली गेले. म्हणून या बेटाचा इतिहास वाचताना तो ७० किलोमीटरवरून पाहिलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

मिनामोतो नो तामेतोमोची कथा खरी आहे का?

तामेतोमो हा बाराव्या शतकातला खराखुरा योद्धा, धनुर्धर म्हणून नावाजलेला. ११५६ च्या होगेन बंडात तो हरणाऱ्या बाजूला होता. त्याला इझु-ओशिमा बेटावर हद्दपार केले. इथपर्यंत इतिहास. तो पुढे दक्षिणेला ‘राक्षसांच्या बेटा’वर गेला असे युद्धकथेत येते, आणि ते बेट म्हणजे आओगाशिमा असे इथली परंपरा मानते.

दुसरी कथा जास्त रंजक आहे. हाचिजोजिमा बायकांचे बेट आणि आओगाशिमा पुरुषांचे. दोघांनी एकत्र राहिले तर देवाचा कोप होतो, म्हणून वर्षातून एकदा दक्षिणेचा वारा सुटला की पुरुष नावेने उत्तरेला जात. बायका किनाऱ्यावर आपापल्या गवताच्या चपला मांडून ठेवीत. जो पुरुष जिची चपल पायात घालील तो तिचा. तामेतोमोने ही रीत मोडून नवरा-बायकोला एकत्र राहायला लावले म्हणतात. यातून इतिहास काढू नये, पण दक्षिणेचा वारा असल्याशिवाय आओगाशिमाहून हाचिजोला नाव जात नसे हा तपशील अगदी व्यवहारातला आहे.

मधला समुद्र इतका अवघड का?

तीन कारणे. एक, कुरोशियो. हा प्रचंड गरम प्रवाह इझु बेटांच्या माळेला आडवा कापतो. मिकुराजिमा आणि हाचिजोजिमा यांच्यामधल्या त्याच्या पट्ट्याला तिथले लोक ‘कुरोसे नदी’च म्हणत आले आहेत. प्रवाहाची जागा ठरलेली नसते, तो वर्षावर्षाला सरकतो. शिडाच्या नावेचा वारा मध्येच पडला की प्रवाह तिला घेऊन जाणार.

दुसरे कारण, बेटाला खाडी नाही, उपसागर नाही, वाळूचा किनारा नाही. चहूबाजूंनी कडे, काही ठिकाणी दोनशे मीटरपर्यंत सरळ. तिसरे, उतरायच्या जागा मोजक्या. जुन्या काळी उत्तरेकडची मिकोनोउरा ही गोट्यांची चिंचोळी पट्टी वापरत. तिथे नाव लाटेबरोबर वर चढवायची, माणसांनी पाण्यात उड्या मारून ओढून घ्यायची आणि माल पाठीवर बांधून कडा चढायचा. एक लाट चुकली की नाव दगडांवर.

आज नैऋत्येला सांपो नावाचे बंदर आहे. बंदर म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तसे ते नाही. कड्याला काँक्रीटचे कवच घालून समुद्रात काढलेला धक्का, इतकेच. मासेमारीच्या होड्या पाण्यात ठेवता येत नाहीत. काम झाले की त्या तारेवरच्या क्रेनने उचलून वर ठेवतात. पूर्वेला दुसरा धक्काही बांधला होता, पण त्याचा रस्ता १९९० च्या दशकात दरडीने गेला आणि तो वापरातून सुटला.

१७८५ मध्ये काय झाले?

ते एका दिवसात झाले नाही. सतराव्या शतकातच १६५२ मध्ये धूर निघाल्याची आणि १६७० पासून दहा-एक वर्षे बारीक राख येत राहिल्याची नोंद आहे. तेव्हा इकेनोसावात दोन तळी होती (‘इके’ म्हणजे तळेच). गरम दमट हवा, वाऱ्यापासून आडोसा, पाणी हाताशी : शेतीला बेटावरची सगळ्यात चांगली जागा तीच. लोक तिथे राहत होते ते अडाणीपणाने नव्हे. या बेटावर गोडे पाणी जिथे दिसेल तिथे माणूस जाणारच.

१७८० च्या उन्हाळ्यात धरणीकंप सुरू झाले. वाडग्यात ठिकठिकाणी कढत पाणी वर आले, तळी तापली, त्यांची पातळी चढली. १७८१ मध्ये राख पडली. एप्रिल १७८३ मध्ये इकेनोसावातून लालबुंद दगड उडाले आणि ६१ घरे जळाली. दोन्ही तळी राख-दगडांनी भरून गेली. पाणी गेले, शेते गेली. याच वर्षी मुख्य जपानात आसामा ज्वालामुखीचाही मोठा उद्रेक झाला आणि तेन्मेइ दुष्काळ वाढत चालला होता, हे पुढच्या घटनांसाठी महत्त्वाचे आहे.

शेवटचा उद्रेक १८ एप्रिल १७८५ ला सुरू झाला. बेटावर तेव्हा ३२७ माणसे होती. हाचिजोजिमाहून नावा आल्या, काही फेऱ्यांत दोनशेच्या आसपास लोक निघाले. उरलेल्यांसाठी नावांत जागा नव्हती. १३० ते १४० माणसे बेटावरच मेली असे मानतात. आज दिसणारी मारुयामा टेकडी याच उद्रेकमालिकेतली. आधी ती नव्हती.

सगळ्यांना का वाचवता आले नाही?

वर बंदराचे जे लिहिले आहे ते पुन्हा वाचा. नावा लहान, उतरायची जागा एक, तीही लाटांवर अवलंबून, आणि ७० किलोमीटरचे अंतर वारा अनुकूल असेल तरच कापता येणारे. फेरीमागे काही डझन माणसे, त्यात वर राख पडते आहे. पाच वर्षे धोक्याची चिन्हे दिसत होती, मग आधीच का नाही निघाले, हा प्रश्न नेहमी येतो. हाचिजोजिमावर जायचे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात बसायचे होते. तिथेही जमीन थोडी, सारा रेशमी कापडाच्या रूपाने भरायचा, आणि दुष्काळ तोंडावर.

‘कांजू’ म्हणजे काय?

परत जाऊन वसणे. आओगाशिमाच्या इतिहासात या शब्दाला एकच अर्थ आहे : १७८५ मध्ये उठलेले गाव पुन्हा त्याच बेटावर वसवणे. याला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

हाचिजोजिमावर निर्वासितांचे जगणे हलाखीचे होते. सात-आठ वर्षांतच नानुशी सांकुरोच्या पुढाकाराने परतीचे प्रयत्न सुरू झाले. नानुशी म्हणजे आपल्याकडचा गावचा पाटील, वसुलीला आणि गावाच्या वतीने वर बोलायला जबाबदार असलेला माणूस. हे प्रयत्न फसले, आणि का फसले ते शिकण्यासारखे आहे. थोडी माणसे जाऊन जमीन साफ करायची, हाचिजोहून धान्य येत राहायचे, असा बेत होता. धान्याच्या नावाच पोचेनात. काही बुडाल्या, तर काही भरकटत पार पश्चिमेला किई द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागल्या, माणसे दगावली. ओसाड बेटावर उंदीर बेसुमार वाढले होते. जे पेरले ते त्यांनी फस्त केले.

१८१७ मध्ये सासाकी जिरोदायू नानुशी झाला. उद्रेकाच्या वेळी तो विशीच्या आतबाहेर होता, म्हणजे बेट प्रत्यक्ष पाहिलेल्या शेवटच्या पिढीतला. त्याने उतावळेपणा केला नाही. आधी तपशीलवार योजना करून ती वरच्या कारभाऱ्यांपुढे मांडली. धट्टेकट्टे लोक पुढे पाठवून आधी जमीन, मग घरे, मग पीक हाती, आणि त्यानंतरच म्हातारे, बायका, मुले असा क्रम ठेवला. १८२४ मध्ये सगळे परतले. १८३५ मध्ये जमिनीची सरकारी मोजणी झाली, सारा ठरला आणि दप्तरात गाव पुन्हा गाव झाले.

दोन वर्षे दिली जातात (१८२४ आणि १८३५) म्हणून गोंधळ होतो. पहिले माणसे परतल्याचे, दुसरे मोजणी पुरी झाल्याचे.

पाणी कुठून आणतात? नदी आहे का?

नदी नाही. ज्वालामुखीची राख आणि खडे पाणी लगेच पिऊन टाकतात. पाऊस मात्र कोकणकिनाऱ्याला लाजवील असा, आणि चार महिन्यांत नव्हे तर वर्षभर विभागून. अडचण पाऊस नसण्याची नाही, तो धरून ठेवण्याची आहे. त्यावरचा उपाय गावाच्या वरच्या अंगाला लांबूनही दिसतो : डोंगराचा एक अख्खा उतारच काँक्रीटने झाकला आहे. पडलेला पाऊस त्यावरून घसरत खाली जमतो, तिथून गाळून, शुद्ध करून नळाला जातो. छपराच्या पन्हळीचेच तत्त्व, फक्त छप्पर डोंगराएवढे.

बंदरावर उतरलेला माल गावात कसा जातो?

हे समजले की बेटाचा नकाशा समजतो. सांपो बंदर नैऋत्येला, गाव उत्तरेला, मध्ये वाडगा. बंदरावरून रस्ता लगेच बोगद्यात शिरतो. या बोगद्यातून, १९८५ पासून, थेट कड्याच्या पोटातून इकेनोसावात जाता येते. त्याआधी कडा चढून उतरावा लागे. वाडग्याच्या तळातून मारुयामाला वळसा घालून रस्ता पुन्हा चढतो, दुसऱ्या बोगद्याने कडा भेदतो आणि गावात पोचतो. सिमेंटच्या गोणीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत प्रत्येक वस्तू ज्वालामुखीच्या आतून जाते.

‘हिंग्या’ काय प्रकार आहे?

आपल्या हिंगाशी संबंध नाही. ‘हि नो गिवा’, म्हणजे आगीची कड, याचे बोलीतले रूप. इकेनोसावात जमिनीतून जिथे वाफ येते त्या जागा. त्या वाफेवर तीन गोष्टी चालतात.

एक, सार्वजनिक बाष्पस्नान. दुसरे, मीठ. समुद्राचे पाणी लाकडावर किंवा गॅसवर न उकळता वाफेच्या उष्णतेवर जवळजवळ दोन आठवडे हळूहळू आटवतात, म्हणून दाणा जाड आणि कुरकुरीत येतो. तिसरे, उघड्यावरच्या वाफेच्या चुली, कोणीही वापरू शकेल अशा. अंडी, बटाटे, रताळी जाळीत ठेवायची, झाकण लावायचे आणि मग वाफेची तोटी हळूहळू उघडायची. नवखे लोक नेमके उलटे करतात : तोटी आधी उघडतात आणि हात वाफेत घालतात. काढतानाही आधी तोटी बंद, थोडे थांबायचे, मग झाकण. रताळ्याला तासभर द्यावा. घाई केली तर मधोमध टणक राहते.

इथे रताळीच का, आणि ‘आओचू’ म्हणजे काय?

भात पिकत नाही, वारा खारा, माती राखेची : अशा जागी रताळ्यासारखे पीक नाही. रताळ्यापासून घरोघरी जी दारू गाळू लागले ती आओचू. पूर्वी पुरुष मासेमारीला आणि मजुरीला बाहेर, म्हणून हे काम बायकांचे असे. खास गोष्ट म्हणजे बुरशी, कोजी. शिजवलेल्या सातूवर बेटावरच रानात वाढणाऱ्या ओतानिवातारी या मोठ्या पानांच्या नेच्याची पाने झाकतात, त्यावरची रानटी बुरशी सातूवर उतरते. विकतचे विरजण लागत नाही. त्यामुळे एका घरची आओचू दुसऱ्या घरच्यासारखी लागत नाही.

‘गाव’ हा दर्जा कधी मिळाला?

सर्वसाधारण गावांचा कायदा इथे लागू झाला तो १९४० मध्ये. राष्ट्रीय निवडणुकीत मत देता आले ते त्याहून उशिरा, १९५६ मध्ये. कारण राजकीय नव्हते : मतपेट्या वेळेत बेटावर पोचून परत जातील याची खात्री देता येत नव्हती.

बोली वेगळी आहे का?

हो. हाचिजो बोलीचाच हा एक प्रकार, आणि मुख्य जपानीहून इतका दूर की बरेच अभ्यासक तिला स्वतंत्र भाषा मानतात. आठव्या शतकातल्या मान्योशू संग्रहात पूर्व जपानच्या बोलीतली गाणी आहेत, त्यांतली काही व्याकरणरूपे इथे टिकून राहिली. २००९ मध्ये युनेस्कोने तिला धोक्यातल्या भाषांत टाकले. गावात शाळा नववीपर्यंतच. पंधराव्या वर्षी मुले बेट सोडतात, तेव्हा बोलीचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष जायचे तर कसे? काय चुकते?

आधी टोकियोहून हाचिजोजिमा. हानेदाहून विमानाने तासाभरात किंवा ताकेशिबा धक्क्यावरून रात्रीच्या जहाजाने. पुढे दोन पर्याय. बोट सुमारे तीन तास घेते, पण लाटा असल्या की निघत नाही किंवा बंदरापर्यंत जाऊन माघारी येते. वर्षाचा हिशेब धरला तर ठरलेल्या फेऱ्यांपैकी बऱ्याच रद्द होतात, हिवाळ्यात जास्त. हेलिकॉप्टर १९९३ पासून आहे : दिवसाला एक फेरी, नऊ जागा, वीस मिनिटे. आरक्षण महिनाभर आधी उघडते आणि लगेच भरते. सामानाची मर्यादा जेमतेम पाच किलोची.

राहण्याची सोय आधी पक्की करावी, मग तिकीट. खोल्या मोजक्या आहेत आणि उपाहारगृहावर विसंबता येत नाही. रोकड जवळ ठेवावी, एटीएम पोस्टातले एकच. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे परतीचे आंतरराष्ट्रीय विमान आओगाशिमाहून निघण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवणे. मध्ये किमान दोन-तीन दिवस मोकळे हवेत. धुक्याने हेलिकॉप्टर आणि लाटांनी बोट एकाच वेळी बंद होऊ शकतात.

एकच दिवस हाती असेल तर काय पाहावे?

सकाळी आकाश मोकळे असेल तर थेट ओतोम्बु. गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटे, शेवटचा टप्पा शेवाळलेला. वाडगा आणि मारुयामा इथून एका नजरेत दिसतात. ढग दुपारपर्यंत कड्यावर टेकतात, म्हणून हे आधी. मग खाली इकेनोसावात. जाताना अंडी आणि रताळी घ्यावीत, ती वाफेवर ठेवून मारुयामाला चक्कर मारावी. वाटेत जमिनीवर हात टेकवून पाहा, काही ठिकाणी ती कोमट लागते. परत येईपर्यंत रताळी शिजलेली असतात.